बॅकयार्डमध्ये हॉट टब: आधी जमीन आणि वायर, मग टब

हॉट टबच्या शोरूममध्ये शिरलं की विक्रेता सगळ्यात आधी जेट, म्हणजे पाण्याचा झोत सोडणारी तोंडं, मोजून दाखवतो. मग रंग बदलणारे दिवे, कारंजं, ब्लूटूथचा स्पीकर. यावर तासभर बोलणं होतं. टब पंधरा वर्षं चालणार की तिसऱ्या हिवाळ्यात अंगणात अडगळ होऊन पडणार, हे मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरतं: खालचा पाया, विजेची लाइन, भिंतीतला फोम, वरचं झाकण आणि बिघडल्यावर दुरुस्तीला कोण येणार. त्यांच्या वाट्याला दहा मिनिटंही येत नाहीत. म्हणून न्यू जर्सी असो, टेक्सास असो की मिनेसोटा, अमेरिकेत घरामागे टब बसवायचा असेल तर खरेदीचा क्रम उलटा धरा. टबचं मॉडेल सगळ्यात शेवटी निवडायचं.

जागा आणि पाया

आधी वजनाचा हिशेब करू. सहा जणांच्या टबात साधारण ४०० गॅलन, म्हणजे १५०० लिटरच्या आसपास पाणी मावतं. एक गॅलन पाणी ८.३४ पाउंडांचं, म्हणजे नुसतं पाणीच ३३०० पाउंडांच्या वर गेलं. रिकामा टब ८०० पाउंड धरा, सहा मोठी माणसं हजारेक पाउंड. एकूण ५१०० पाउंडांच्या पुढे, म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त. सात बाय सात फुटांच्या जागेवर हे वजन बसलं की चौरस फुटाला १०० पाउंडांहून जास्त भार येतो. घराची लाकडी डेक सहसा चौरस फुटाला ४० पाउंड धरून बांधलेली असते. 'डेक मजबूत आहे, काही होत नाही' असं म्हणणाऱ्याला हे दोन आकडे सांगावेत. डेकवरच बसवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून खाली स्वतंत्र खांब आणि तुळया काढून घ्याव्या लागतील. तो खर्च जमिनीवर स्लॅब टाकण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्तच येतो.

जमिनीवर सगळ्यात निर्धोक पाया म्हणजे चार इंच जाडीचा काँक्रीट स्लॅब. खाली चार इंच खडी नीट दाबून घ्यायची, आत सळई किंवा जाळी टाकायची आणि टबाच्या चारी बाजूंनी सहा इंच तरी स्लॅब बाहेर ठेवायचा. आठ बाय आठ फुटांच्या स्लॅबला जवळपास २१ घनफूट काँक्रीट लागतं. ८० पाउंडांच्या तयार मिश्रणाची एक पिशवी ०.६ घनफूट भरते, म्हणजे ३६ पिशव्या. हाताने कालवत बसण्यापेक्षा लहान ट्रक मागवलेला बरा. वजन ठेवण्याआधी निदान सात दिवस जाऊ द्या. पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. खणण्याआधी ८११ वर फोन करायचा. जमिनीखालचा गॅस आणि केबल कुठून जाते त्याच्या खुणा फुकट करून मिळतात.

पेव्हर ब्लॉकवर टब बसवतात, पण थंड राज्यांत जमीन गोठून फुगते आणि वितळताना खचते. मग ब्लॉक वरखाली होतात आणि टब एका कोपऱ्यात बसतो. अशा वेळी लोक खाली लाकडाच्या पाचरी सरकवतात. पाणी वरून समपातळीत दिसायला लागतं खरं, पण सगळा भार त्या चार-पाच ठिकाणी येतो, शेलला, म्हणजे टबाच्या कवचाला, ताण बसतो आणि चीर गेल्यावर कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

जागा निवडताना स्वयंपाकघराच्या किंवा बैठकीच्या खोलीच्या दारापासून टबापर्यंत ओल्या पायांनी चालून बघा, मनातल्या मनात जानेवारीत. पंधरा पावलांपुढची जागा असेल तर हिवाळ्यात टब वापरला जात नाही. पन्हळ नसलेल्या छपराच्या कडेखाली ठेवू नका, वितळलेला बर्फ झाकणावर धाडकन पडतो. वरून विजेच्या तारा जाता कामा नयेत. सेप्टिक टँकच्या शोषक जमिनीवर किंवा वीज-गॅस कंपन्यांच्या राखीव पट्ट्यावर स्लॅब टाकू नये. पंप आणि हीटर ज्या बाजूला आहेत तिथे तीन फूट मोकळी जागा हवीच, बाकीच्या बाजूंना दोन फूट. चारी बाजूंनी सुंदर लाकडी कठडा बांधून टब बंदिस्त करणाऱ्यांना पहिल्या गळतीला तो कठडा तोडावा लागतो. गावाचं परमिट आणि एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, लेखी परवानगी टबाची ऑर्डर देण्याआधी हातात असावी.

१२० व्होल्ट की २४० व्होल्ट

भिंतीतल्या साध्या प्लगवर चालणारे टब १२० व्होल्टचे. त्यांचा हीटर एक ते दीड किलोवॉटचा असतो. वायरिंगचा खर्च वाचतो आणि भाड्याच्या घरातून टब सोबत नेता येतो, हे त्यांचे खरे फायदे. तोटा गणितात दिसतो. एक किलोवॉटचा हीटर ४०० गॅलन पाणी तासाला जेमतेम १ अंश फॅरेनहाइट तापवतो. नळाचं ५५ अंशांचं पाणी १०२ वर न्यायला दोन दिवस लागतील, तेही उष्णता बाहेर जात नाही असं धरून. शिवाय १५ अँपिअरच्या मर्यादेत राहायचं म्हणून अशा बहुतेक टबांत जेट जोरात सुरू असताना हीटर बंद होतो. म्हणजे तुम्ही आत बसलेले असताना पाणी निवत जातं. दोन-तीन माणसांचा लहान टब आणि सौम्य हवामान असेल तरच १२० व्होल्टचा विचार करावा.

२४० व्होल्टच्या टबात हीटर सहसा साडेपाच किलोवॉटचा असतो. तेच पाणी तो तासाला साडेपाच अंशांनी चढवतो, म्हणजे आठ-नऊ तासांत टब तयार, आणि जेट चालू असतानाही हीटर चालू राहतो. त्याला सहसा ५० अँपिअरचं स्वतंत्र जीएफसीआय (वीज गळली की लगेच तोडणारं) सर्किट लागतं: ६ गेजच्या तांब्याच्या चार तारा, म्हणजे दोन गरम (फेजच्या), एक न्यूट्रल, एक अर्थिंग. वीज तोडणारी पेटी टबावरून डोळ्यांना दिसेल अशी, पण पाण्यापासून निदान पाच फूट लांब बसवायची, आत बसलेल्या माणसाचा हात तिच्यापर्यंत पोचता कामा नये. जमिनीखालून पीव्हीसी पाइपातून तारा न्यायच्या तर १८ इंच खोल. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे, यूट्यूब पाहून करायचं नाही.

त्याला बोलावण्याआधी घरचं मुख्य पॅनल बघून ठेवा. जुन्या घरात १०० अँपिअरचं पॅनल, त्यावर इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर, एसी आणि विजेची शेगडी असेल तर आणखी ५० अँपिअर बसत नाहीत. मग पॅनल बदलण्याचा खर्च टबाच्या किमतीत धरावा लागतो. अनेकांचं बजेट इथेच कोसळतं, आणि तोवर टबाची आगाऊ रक्कम भरून झालेली असते.

नव्या जोडणीत सर्वांत जास्त दिसणारी चूक न्यूट्रलची. टबाकडून येणारी पांढरी तार जीएफसीआय ब्रेकरच्या स्क्रूला जोडायची असते आणि ब्रेकरला चिकटून आलेली पांढरी वेटोळी तार न्यूट्रलच्या पट्टीला. इलेक्ट्रिशियन सवयीने दोन्ही पट्टीला लावतो. टब सुरू केला की ब्रेकर ताबडतोब पडतो, आणि दोष टबाला दिला जातो. सहा महिने नीट चालून मग ब्रेकर पडायला लागला तर कारण वेगळं असतं. तेव्हा संशय आधी हीटरच्या एलिमेंटवर आणि मग पंपाच्या मोटरमध्ये शिरलेल्या ओलाव्यावर घ्यावा. तंत्रज्ञ एकेक भाग सोडवून दोषी भाग शोधतो. ब्रेकरवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघत जा.

फोम, झाकण आणि महिन्याचं बिल

'आमचा टब महिन्याला पंधरा डॉलरात चालतो' असं ऐकलं की लेबल मागा. कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा आयोगाने टबाच्या उभ्या वापरावर, म्हणजे झाकण लावून नुसता गरम ठेवण्यावर, मर्यादा घातली आहे. २०१९ पासून साध्या टबांसाठी सूत्र असं: गॅलनमधल्या क्षमतेचा दोन-तृतीयांश घात, गुणिले ३.७५, अधिक ४० वॉट. ४०० गॅलनला ही मर्यादा सुमारे २४४ वॉट येते, म्हणजे महिन्याला १७५ युनिट. युनिट ३० सेंटला पडत असेल तर ५० डॉलरांच्या थोडं वर, १५ सेंटला असेल तर त्याच्या निम्मं. टबावर प्रत्यक्ष वॉटचा आकडा छापलेला असतो. दोन मॉडेलांची तुलना करायला यापेक्षा प्रामाणिक आकडा दुकानात दुसरा मिळत नाही. एक लक्षात ठेवा: ही चाचणी बाहेर ६० अंश फॅरेनहाइट आणि पाणी १०२ धरून होते. मिनियापोलिसला बाहेर १० अंश असताना तापमानातला फरक दुपटीहून जास्त होतो, आणि बिलही त्याच प्रमाणात चढतं.

आतली पोकळी पूर्ण फोमने भरलेली असेल तर उष्णता कमी जाते आणि पाइप हलत नाहीत, पण गळती शोधायला फोम खरवडावा लागतो. फक्त कडेने इन्सुलेशन असलेल्या टबात दुरुस्ती सोपी. कडाक्याच्या थंडीत पूर्ण फोम घ्यावा. फिनिक्स किंवा सॅन डिएगोला दुसरा प्रकार चालेल.

उष्णता सर्वांत जास्त वरून जाते, म्हणून झाकणावर कंजूषी नको. मध्ये जाड आणि कडेला उतरतं असं, पाच इंचांवरून चार इंचांवर येणारं झाकण थंड राज्यांत योग्य. चारवरून अडीचवर येणारं उबदार भागात पुरतं. दुमडीच्या ठिकाणी आतून सलग पट्टी आहे का ते उघडून पाहा. ती नसेल तर थंडीत त्या फटीतून वाफ निघताना दिसते. झाकणाच्या आतल्या फोमला प्लॅस्टिकचं वेष्टण असतं. ते फाटलं की फोम पाणी पितो, आणि एका हाताने उचललं जाणारं झाकण दोघांनाही उचलेना. तेव्हा ते बदलायचंच, वाळवून उपयोग नाही. झाकण उचलणारा दांडा सुरुवातीलाच घ्या. बसवायला काही प्रकारांना मागे दीड-दोन फूट जागा लागते, ती स्लॅब आखतानाच धरावी.

शेल, जेट, बैठक

फुगवायचे टब काहीशे डॉलरांत मिळतात आणि घरात खरोखर वापर होतो का ते एका उन्हाळ्यात कळतं. बाहेर ४० अंश फॅरेनहाइटखाली बहुतेक कंपन्या ते वापरू नका म्हणतात. एकसंध पॉलिथिलीनचे टब दणकट आणि स्वस्त, पण बैठका सरळसोट. फायबरग्लासच्या पाठबळाचं अॅक्रिलिक सगळ्यांत जास्त चालतं.

पंपावर '६ हॉर्सपॉवर' लिहिलेलं असलं तरी मोटरच्या पट्टीवरचे अँपिअर वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर भागिले ७४६. २४० व्होल्टवर १२ अँपिअर घेणारी मोटर चार हॉर्सपॉवरसुद्धा विजेतून ओढत नाही, पाण्याला देणार कुठून? ६० जेट आणि एकच पंप असेल तर प्रत्येक जेटला फुंकर मारण्याइतकंच पाणी मिळतं. दोन पंप आणि ३५ ते ४० जेट याने पाठ जास्त मोकळी होते. पाणी फिरवायला वेगळा छोटा पंप असेल तर तो शांत असतो आणि शेजाऱ्यांच्या खिडकीजवळ टब येत असेल तर त्याचं महत्त्व वाढतं.

'सात जणांचा' टब म्हणजे गुडघे एकमेकांना न लावता बसणारे पाच. पोहण्याचे कपडे घेऊन शोरूममध्ये जा आणि भरलेल्या टबात वीस मिनिटं बसा. चांगल्या दुकानात यात काही विचित्र मानत नाहीत. आडवं होऊन पडायची लाउंजर बैठक कागदावर छान दिसते. पाच फूट दोन इंचांची व्यक्ती तीत बसली की पाय तरंगतात आणि अंग घसरत वर येतं. दर उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येत असतील तर लाउंजर नसलेला, आतमध्ये पायरीसारखी उंच बैठक असलेला टब घ्या. टबाची कड जमिनीपासून तीन फूट उंच असते, त्यामुळे बाहेर रुंद दोन पायऱ्या आणि भक्कम कठडा हवाच. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं, आणि तापमान ९८-१०० वर आणून पंधरा मिनिटांत बाहेर यावं.

पाणी

टब घेणं म्हणजे आठवड्याला थोडं रसायनशास्त्र पत्करणं. ते कोण करणार, हे घरात आधी ठरवा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सूचनांप्रमाणे हॉट टबात क्लोरीन निदान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन) किंवा ब्रोमिन ४ ते ८ पीपीएम हवं, पीएच ७.० ते ७.८ आणि तापमान १०४ अंशांच्या वर नको. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात नेऊ नये. निर्जंतुकीकरण ढिलं पडलं की स्युडोमोनास जिवाणूंमुळे अंगावर पुरळ उठतं आणि लिजिओनेला हे जिवाणू वाढले तर न्यूमोनियापर्यंत जातं. ओझोन किंवा यूव्हीची यंत्रणा असली की क्लोरीन लागत नाही, हे विक्रेत्याचं बोलणं खरं नाही. थोडं कमी लागतं, इतकंच.

दुकानात सर्रास मिळणारं दाणेदार डायक्लोर प्रत्येक मात्रेबरोबर सायन्युरिक अॅसिड मागे ठेवतं. ते साचलं की क्लोरीन मंद होतं, म्हणून सीडीसी ते हॉट टबात नको म्हणते. गरम पाण्यात ब्रोमिन सांभाळायला सोपं पडतं. स्विमिंग पूलच्या ट्रायक्लोर गोळ्या टबात कधीच टाकू नका, त्या इतक्या आम्लधर्मी असतात की शेल आणि हीटर दोन्ही खातात. क्लोरीन आणि ब्रोमिनच्या गोळ्या एका डब्यात ठेवल्या तर आग लागू शकते.

आपल्या घरांत एक खास शत्रू असतो, खोबरेल तेल. डोक्याला तेल लावून आत उतरलं की रात्रीत फेस येतो आणि फिल्टर चिकट होतो. दिवाळीच्या अभ्यंगानंतर टबात बसायची कल्पना मोहक आहे, पण शिकेकाईने तेल पूर्ण उतरवल्याशिवाय नको. फिल्टर दोन आठवड्यांनी नळाखाली धुवायचा, महिन्या-दोन महिन्यांनी खास द्रावणात भिजवायचा, वर्षाने बदलायचा. एकाच्या जागी दोन जोड ठेवले तर टब बंद राहत नाही. पाणी कधी बदलायचं? गॅलन भागिले तीन, भागिले रोज उतरणारी माणसं. ४०० गॅलन आणि रोज दोघे असतील तर ६७ दिवस. फिनिक्ससारख्या जड पाण्याच्या शहरात नळीला गाळणी लावून भरा, सॉफ्टनरचं पाणी भरू नका. कॅल्शियमची कठीणता १५० ते २५० पीपीएमच्या दरम्यान ठेवायची.

लांब केसांबद्दल: वेणी असो की मोकळे, वर बांधूनच बसायचं. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रेम बेकर २००२ मध्ये हॉट टबाच्या तळाच्या जाळीच्या ओढीत अडकून बुडाली, आणि तिच्या नावाने २००७ मध्ये जाळ्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. जाळी तुटलेली किंवा गायब असेल तर त्या दिवशी टब बंद. झाकणाला कुलूप आणि एएसटीएम एफ १३४६ या सुरक्षा-झाकणांच्या मानकाची खूण असावी. अनेक गावांत असं झाकण असलं की कुंपणाच्या सक्तीतून सूट मिळते, पण आपल्या गावाचा नियम वाचूनच.

घरी आणणं, वॉरंटी, भारतवारी

टब एका कुशीवर उभा करून ढकलगाडीवरून आणतात. ३८ इंच उंचीच्या टबाला फाटकाची रुंदी निदान ४२ इंच आणि डोक्यावर आठेक फूट मोकळं लागतं. बाजूच्या बोळातला एसीचा डबा आणि गॅसचा मीटर टेप लावून मोजा. मार्ग नसेल तर क्रेन.

वॉरंटीत 'शेल दहा वर्षं' हे मोठ्या अक्षरात असतं. पंप, कंट्रोल आणि मजुरी किती वर्षं, ते वाचा. बिघडतं तेच. जत्रेच्या मैदानावर तीन दिवसांच्या सेलमध्ये स्वस्त मिळणाऱ्या टबाचा विक्रेता सोमवारी दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. कंट्रोल बाल्बोआ किंवा गेको या कंपन्यांचा असेल तर सुटे भाग आणि ते ओळखणारा तंत्रज्ञ सहज मिळतात.

डिसेंबरमध्ये पाच-सहा आठवडे पुण्याला जायचं असतं, तेव्हा काय? थंड राज्यात टब भरलेला ठेवून गेलात आणि ब्रेकर पडला, तर आधी बारीक पाइप गोठून फुटतात. वायफायवर इशारा देणारं मॉडेल घ्या आणि किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. नाहीतर टब रिकामा करून वेट-ड्राय व्हॅक्युमने पाइप आणि पंप कोरडे करून जा. लोणावळ्याच्या बंगल्यासाठी अमेरिकेतला टब जहाजाने नेऊ नका. इथली यंत्रणा ६० हर्ट्झची आणि आत १२० व्होल्टचे भाग असलेली, तिथे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ५० हर्ट्झसाठीच बनवलेला टब घ्यावा.

पहिल्यांदा भरताना नळी फिल्टरच्या खळग्यात सोडा, म्हणजे पाणी पाइपांतून वर चढतं आणि हवा निघून जाते. पाणी खुणेपर्यंत येईपर्यंत वीज चालू करायची नाही, कोरडा हीटर जळतो. सुरू केल्यावर पंप गुरगुरतोय पण जेटमधून काही येत नाही आणि पडद्यावर प्रवाहाची चूक दिसतेय, तर हवा अडकली आहे: वीज बंद करा, पंपाजवळचा मोठा जोड किंचित सैल करा, फुसफुस थांबून पाणी झिरपलं की आवळा आणि पुन्हा चालू करा. तरीही तीच चूक आली तर फिल्टर काढून बघा. त्याशिवाय चालला तर दोष फिल्टरचा.